समुद्रावरचे ठिपके

विनीतची बोट बेपत्ता होऊन तीन दिवस झाले, तेव्हा त्याची बायको ज्ञानेश्वरी आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडे रत्नागिरीला आली. मासे ओढायला बोटीवर लावलेले मोठे एलईडी दिवे रात्री उपग्रहाला वरून दिसतात, हे तिला त्यांनीच सांगितलं होतं.

सरांनी त्या रात्रीचं चित्र संगणकावर उघडलं. काळ्या समुद्रावर अकरा पांढरे ठिपके होते.

"या अकराही बोटी परत आल्यात गो. बारावा ठिपका मिळाला, की शोधायचं कुठे ते सांगता येईल."

दोघांनी पडद्याचा कोपरान्‌कोपरा पाहिला. बारावा ठिपका नव्हता.

"म्हणजे बुडालीच असं नाही," सर धीर देत म्हणाले. "उपग्रह वरून गेला तेव्हा दिवे बंद असतील. पण भर मासेमारीत दिवे कोण कशाला मालवेल?"

"मीच सांगितलं, सर. त्या दिव्यांना बंदी आहे ना. गस्तीची बोट निघाल्याचं कळलं, तसा ह्यांना फोन केला. म्हटलं, आधी दिवे घालवा." ती पडद्याकडेच बघत होती. "एरवी माझं एक अक्षर ऐकत नाहीत. तेवढं मात्र ऐकलं."