तांदळाच्या डब्यातला प्लग

ऊर्मीच्या आजोबांना वेडच होतं! अंबत्तूरच्या भंगारातून झाडं कापायचे जुने चेनसॉ आणायचे आणि दुरुस्त करत बसायचे. पण हल्ली हात असे थरथरायचे की चहा बशीत सांडायचा. नवा आणलेला चेनसॉ तर तयारच झाला होता, फक्त चालू करायचा बाकी. हा आजोबांची बोटंच घेणार, या धास्तीने ऊर्मीने त्याचा ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग गुपचूप काढून तांदळाच्या डब्यात खुपसला. महिनाभर आजोबा रोज मशीन चालू करायची दोरी ओढायचे, मशीन ढिम्म, आणि ऊर्मी मनातल्या मनात हुश्श!

आज सकाळी वादळात कडुलिंब पडला, तो नेमका मागच्या सखल खोलीच्या दारावर. आजी आत, खिडकीला गज, आणि पाणी चढतंय.

"अय्यो, अहो, कमरेपर्यंत आलं!" आजी आतून किंचाळली.

आजोबांनी चेनसॉ आणला, दोरी ओढली. काहीच नाही. पुन्हा ओढली. ऊर्मी पाणी तुडवत स्वयंपाकघरात धावली, अख्खा डबा ओट्यावर पालथा केला आणि प्लग घेऊन रडतच आली.

"आजोबा, मीच काढला होता हो! लावा ना लवकर!"

आजोबांनी प्लगकडे पाहिलंसुद्धा नाही. चेनसॉ तिच्यासमोर खोडावर ठेवला.

"अगं, दुसरा मी तेव्हाच बसवला. मला दोरीच जोरात ओढवत नाही आता. तू ओढ."