दारावरची डहाळी

चावडीतलं देवीची लस टोचायचं केंद्र बंद करताना डॉक्टरांनी गावाला दहादा बजावलं होतं, “आता नवी बाळं तिरोड्याच्या दवाखान्यात न्या.” वर्षभरानं ते चोरखमारा तलावाच्या पाळीवरून गावात शिरले आणि वाटेतच थबकले. तीन दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या टांगलेल्या! म्हणजे घरात देवी आली. केलंसवरलं सारं मातीत गेलं. समोर धुरपता सुईण उभी होती. केंद्र उघडलं त्या वर्षी हिनंच त्यांना मुसळ उगारून वेशीबाहेर पिटाळलं होतं. “काऊन भिऊन राह्यले, डाक्टर? देवी नाई आली. ज्या घरचं लेकरू टोचाचं राह्यलं, त्या दारी मीच डहाळी बांधतो. टोचून आनल्याबिगर सोडत नाई.” तेवढ्यात तिरोड्याहून बैलबंडी घुंगरं वाजवत आली. तिन्ही आया बाळांचे टोचलेले दंड मिरवत उतरल्या. धुरपतानं डहाळ्या ओरबाडून शेळ्यांपुढे फेकल्या. “खा पोटभर! देवी उपाशीच गेली.”