रिकाम्या खोलीतलं एक मिनिट

हाव्रानेकचं सुरुवातीचं संगीत कुणी वाजवत नाही, ते बरंच आहे. विशीत लिहिलेले गुळमट वॉल्ट्झ, आणि युद्धात तळघरात बसून लिहिलेली रडकी अंगाईगीतं. त्याच्या जन्मशताब्दीसाठी आम्ही तो सगळा गाळ त्याच्याच घरी, त्याच्याच पियानोवर रेकॉर्ड करत होतो.

"ओताकार, सहाव्या पानावर माझा एक सूर चुकलाय," मिलाडा पियानोवरून उठत म्हणाली. "परत घेऊ या ना."

"राहू दे गं. या कचऱ्यात एक चूक कुणाला कळणार? त्याला स्वतःलासुद्धा कळली नसती."

काम संपलं की आम्ही रिकाम्या खोलीची शांतताही मिनिटभर रेकॉर्ड करतो. तुकडे सांधायला ती लागते. मी माइक आत चालू ठेवून खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि अंगणातल्या गाडीत येऊन स्पीकर चालू केला. मिलाडा शेजारी बसून पाव खात होती.

स्पीकरमधून पान उलटल्याचा आवाज आला.

"उंदीर," मी म्हणालो. "त्याचे खरे चाहते तेच."

आणखी एक पान उलटलं. मिलाडा बोटांवर मोजू लागली. पाचवं पान उलटल्यावर आवाज थांबला आणि तिचा घास तोंडातच राहिला.

मग पियानोची एकच पट्टी वाजली.

"हाच," ती पुटपुटली. "हाच माझा चुकला होता."

मी खिशातली किल्ली चाचपली. मठ्ठ पोराला शिकवावं तसा, सावकाश, तोच सूर पुन्हा वाजला. आणि पुन्हा.