गोळीतला शहाणा माणूस

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या अंगातून झोपेच्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही. माझा तर दिवसभर उतरत नसे; दाढी कधी केली, तेही आठवत नसे.

"पण गोळी घेतली की किती शहाण्यासारखं वागता," बायको म्हणायची. "उलट बोलत नाही."

असा मी चाळीस वर्षांत वागलो नव्हतो. डॉक्टरांशी भांडून गोळी बंद करवली.

आज नवव्या दिवशी स्वतः दाढी केली, गाल कापून घेतला आणि खुशीत पेपर उघडला.

"अहो, चहात साखर घालू?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच तिच्या शेजारून माझा आवाज आला, "तुला आवडेल तशी घाल."

"बिनसाखरेचा!" मी काठी आपटत ओरडलो.

"बाहेर कोण ओरडतंय हो?" बायकोने त्याला विचारलं.