नव्या तांदळाचं ताट

"चार दिवस बोलत नाही, आता जेवायचंही नाही? माजलीय नुसती!" आश्रमशाळेची स्वयंपाकीण पहिलीतल्या लाडकीवर करवादली. लाडकी ताटातल्या यंदाच्या नव्या तांदळाच्या भाताकडे नुसती बघत बसली.

शेजारी जेवणाऱ्या शिक्षिका वांगडबाईंचा हात घासासकट थबकला. चाळीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर त्या स्वतः अशाच अडून बसल्या होत्या. तेव्हा शहरातून आलेल्या पाध्येगुरुजींनी रागावण्याऐवजी विचारलं होतं, "तुमच्या पाड्यावर नवा तांदूळ कसा खातात, पोरी?"

"देवाला दाखवल्याशिवाय नाय खात," हे सात वर्षांच्या त्या पोरीचं शाळेतलं पहिलं वाक्य. गुरुजींनी सगळ्यांचे हात थांबवले. तिनं पळसाच्या पानावर भात ठेवला, हात जोडले, मगच ऐंशी पोरं जेवली. त्या दिवसापासून तिचं शाळेतून पळून जाणं थांबलं.

बाई लाडकीजवळ सरकल्या. "देवाला दाखवायचाय ना?"

लाडकीनं होकारार्थी मान डोलावली. मग बाईंच्या ताटाकडे बोट दाखवत पहिल्यांदाच बोलली, "पन तुमी तं खाल्ला."

स्वतः वारली पाड्यावरची लेक असलेल्या बाईंचं ताट अर्धं रिकामं झालं होतं. बाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"चुकले गं बाय. दाखव तू. सगळे थांबतात."