साहेबांच्या खिडकीखालची चार झाडं

मार्सेलीनआजीनं कर कचेरीच्या अंगणात, बरोबर साहेबांच्या खिडकीखाली चटई टाकली, टोपली शेजारी ठेवली आणि तिथल्या चार झाडांवरची बोंडं वेचायला लागली. झाडं खिडकीच्या गजांपर्यंत पोचलेली. बोंडं इतकी उमललेली, की लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी मेंढी पिंजून भिंतीवर वाळत घातलीय.

बोबो-दिऊलासो शहरातले निम्मे दुकानदार त्या सकाळी कर भरायच्या रांगेत उभे होते. ते कर विसरून तिच्याकडे बघत राहिले.

आजीनं टोपलीतून सपाट दगड काढला, त्यावर कापूस ठेवून लोखंडी सळई फिरवली. सरकी टपाटप बाहेर पडली. मग तारेच्या दोन फण्यांमध्ये कापूस विंचरून तिनं पेळू केला, बोटांना राख लावली आणि वाळल्या भोपळ्याच्या वाटीत टकळी गरकन फिरवली.

खिडकीच्या गजांमागे हमिदू बारीसाहेबांचं डोकं दिसलं. "आजी, हे काय चाललंय?"

"तुझं काम करतेय."

काम कसलं, ते साहेबांना चांगलं ठाऊक होतं. देशातल्या कापसाचं कापड विणणाऱ्याला सरकारनं यंदा कर माफ केला होता. मात्र कापूस इथलाच आहे असा कागद हवा, आणि तो कागद द्यायची सरकी काढणारी गिरणी. आजीचा कापूस परसात उगवायचा, नऊ म्हाताऱ्या तो हातानं कातायच्या आणि तिच्या अकरा मागांवर त्याचं कापड व्हायचं. गिरणीचं तोंड त्या कापसानं कधी पाहिलंच नव्हतं. माफी मिळाली नाही, तर बाहेरदेशचं स्वस्त सूत आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग त्या नऊ जणींनी घरी बसून माश्या मारायच्या.

पावसाळ्याच्या तोंडी ती तीनदा येऊन गेली होती. तिन्ही वेळा साहेबांनी सांगितलं, की गिरणीचा कागद नसेल तर अर्जात तीन रकाने आहेत. कापूस कोणी पिकवला, कुठे पिकवला आणि कोणत्या अधिकाऱ्यानं तो पाहिला. शिक्क्यानिशी तेवढं आलं की झालं. पण बघायला यायला त्यांना वेळ नव्हता.

"तुला यायला वेळ नाही," आजी धागा न तोडता म्हणाली, "म्हणून कापूसच इकडे आणला."

साहेब हसले. ती फुलझाडं आहेत, म्हणाले. पहारेकरी दोफिनीनंही मान डोलावली. चार महिने, पाऊस नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी तो झाडांना बादलीभर पाणी घालत होता, साहेबांच्याच हुकमानं. सकाळी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, असं फूल अख्ख्या राजधानीत नाही, असं राजधानीतून बदलून आलेले साहेब येईल त्याला सांगायचे. आत्ताही त्यांच्या टेबलावर पेल्यात एक होतं. कालचं पांढरं, आज गुलाबी.

आजीनं मान वर केली. "फुलानी तो फुलानीच. कापूस ओळखणार कधी, तर गाईच्या तोंडात गेल्यावर."

रांगेत खसखस पिकली. साहेब गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीतले, आजी शेती करणाऱ्या बोबो जमातीतली, त्यामुळे साहेबांना रागवायची सोय नव्हती. बोबोंनी फुलानींची आणि फुलानींनी बोबोंची खेचायची, आणि कुणी तोंड फुगवायचं नाही, हे दोघांच्या आजोबा-पणजोबांनी ठरवून ठेवलेलं.

"आणि बोबो बाई सकाळी सकाळी सरळ बसलेली मी आज पहिल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले. "गावातली ज्वारीची दारू संपली वाटतं."

रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आजीनंही मान हलवली. टोला बसला होता.

पण टोल्यानं ती उठेना. तेव्हा साहेबांनी सरकारी आवाज काढला. सरकारी जागेत परवानगीशिवाय लागवड, याला दंड आहे. त्यांनी दंडाचं पुस्तक खिडकीत आणून आपटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

आजीनं टकळी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि खिडकीशी आली.

"लाव दंड. पावतीवर काय लिहिशील?"

"मार्सेलीन सानू हिनं कर कचेरीच्या आवारात..." बोलता बोलता साहेब थांबले.

"लिही की. आवारात काय पिकवलं?"

साहेबांनी झाडांकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "कापूस," ते हळूच म्हणाले.

"आणि उगवताना पाहिला कोणी?"

दोफिनीनं बादली पाठीमागे लपवली.

साहेबांनी एकदा शेवटचं अंग झटकून पाहिलं. चार झाडांच्या जोरावर अकरा मागांना माफी कशी द्यायची, म्हणाले.

"किती, ते तुझ्या अर्जात कुठे विचारलंय? आणि बाकीचा बघायचा असेल तर ये माझ्या परसात. आता झाड तरी ओळखशील."

साहेबांनी पेल्यातलं गुलाबी फूल जरा बाजूला सरकवलं. मग त्यांनी पावती लिहिली: कापूस कोणी पिकवला, कुठे पिकवला, कोणी पाहिला. पहिला शिक्का पुसट उठला, म्हणून शेजारी दुसरा मारला. आजीनं कमरेची गाठ सोडून दंड भरला, पावती अर्जाला टाचली आणि अर्ज गजांतून आत सरकवला. साहेबांनी माफीची सही केली.

चटई गुंडाळून ती निघाली, चार पावलं गेली आणि परत फिरली. दगडाभोवती सांडलेली सरकी तिनं गोळा केली आणि गजांतून हात घालून साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"हा पुढच्या वर्षीचा अर्ज. मी घाईत फार दाटीनं लावली होती. तू जरा अंतर ठेवून लाव."

साहेबांनी मूठ मिटली. रांग खोळंबली होती. ते मात्र गजांना गाल टेकवून, भिंतीच्या पार त्या टोकाला दोफिनीची सायकल टेकवलेली होती तिथपर्यंत, किती झाडं बसतील ते बघत होते.