उंदीरच आहे

परसात धुण्याच्या दगडाशेजारी आज पुन्हा टोपलीभर माती वर आली होती. "अहो, ही घूस आहे," मी म्हणाले.

"उंदीर आहे," पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले. "रात्री पिंजरा लाव. आणि भजी ताजी तळ, शिळ्याला तो तोंड लावत नाही."

गेला पंधरवडा मी त्या उंदरासाठी रोज भजी तळतेय! घूस मांजराएवढी असते, उंदराच्या पिंजऱ्यात तिचं डोकंसुद्धा शिरायचं नाही, हे यांना कळत नाही असं थोडंच आहे? पण उंदीर म्हटलं की पिंजऱ्यावर भागतं. घूस म्हटलं की बिळं बुजवायला परसातली अख्खी फरशी उखडावी लागणार. आणि ती फरशी यांनी, गवंड्याला हात लावू न देता, स्वतः बसवलेली.

शेवटी मी यांना हाताला धरून परसात नेलं. दगडाजवळ पाय ठेवला मात्र, फरशी खचली आणि हे गुडघ्यापर्यंत आत गेले.

मी घाबरून हात पुढे केला. यांनी वाकून खालची पोकळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बराच मोठा उंदीर दिसतोय," हे म्हणाले.